पान्हा चोरणारी : अंगावरच्या दुधाविषयी, नामदेवांपासून हिरकणीपर्यंत

हिंगोली जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्याला नामदेव टाळता येत नाहीत. परंपरेने त्यांचे जन्मगाव मानलेले नरसी आमच्याच जिल्ह्यात आहे. विसोबा खेचरांना त्यांनी गुरू केले ती कथा औंढा नागनाथच्या देवळात घडते. त्यांच्या घरी राबलेली जनाबाई शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. वर्गात संतकाव्य सुरू झाले की मुलांना ही माणसे आपल्याच शिवारातली वाटतात. मलाही वाटत. या माणसांपैकी एकावर आपण कधी रागावू, असे मात्र वाटले नव्हते.

ही गोष्ट २०१३ च्या हिवाळ्यातली. १८० दिवसांची प्रसूती रजा संपवून मी नुकतीच कामावर रुजू झाले होते. बी. ए.च्या वर्गात नामदेवांचा एक अभंग शिकवत होते. विठ्ठल आई आणि मी तिचे तान्हे, ती गाय आणि मी वासरू, ती हरिणी आणि मी पाडस, ती पक्षीण आणि मी तिच्या अंड्यातले पिलू, अशी एकामागून एक नाती त्यात येतात. गायवासराच्या कडव्यात नामदेव विठ्ठलाला पान्हा न चोरण्याची विनवणी करतात. त्याच कडव्यावर असताना खिडकीबाहेर एक लेकरू रडले. एक विद्यार्थिनी आपले मूल सासूजवळ व्हरांड्यात ठेवून वर्गाला बसत असे, त्याचाच तो आवाज. माझे लेकरू तेव्हा सात किलोमीटरवर होते. पण शरीराला ते कळले नाही. छातीत कळ आली आणि ब्लाउज ओला झाला. मी पदर ओढून घेतला, पुस्तक छातीशी धरले आणि तास पुरा केला. पन्नास-साठ मुलांसमोर मी ‘पान्हा चोरणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगत होते, आणि स्वतःचा न चोरता आलेला पान्हा लपवत होते.

प्रस्तुत लेखाचे मूळ त्या तासात आहे. अंगावरच्या दुधाबद्दल आपले साहित्य आणि आपली भाषा काय बोलते, आणि कोणाच्या बाजूने बोलते, हा माझा प्रश्न आहे. त्यासाठी आधी स्वतःची हकीकत थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण माझे वाचन त्या हकीकतीने बदलले.

१

माझे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले. बाळ दोन दिवस काचेच्या पेटीत होते. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले तेव्हा माझ्या छातीला दूध नव्हते. शस्त्रक्रियेनंतर दूध उतरायला एखादा दिवस उशीर होऊ शकतो, आणि बाळ छातीशी नसले तर आणखी होतो. ही गोष्ट आज मला माहीत आहे, तेव्हा नव्हती. खोलीत आलेल्या प्रत्येकीने विचारलेला प्रश्न एकच होता, ‘दूध आहे का गं?’ बाळ कसे आहे हे त्यानंतर. मी कशी आहे, हे बहुधा नाहीच.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, शतावरी असे सगळे आले. चौथ्या दिवशी सासूबाई, ज्यांना आमच्याकडे आत्याबाई म्हणतात, दाराशी उभ्या राहून माझ्या आईला हलक्या आवाजात म्हणाल्या, “पान्हा चोरतीय जणू.” आई काहीच बोलली नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण ऐकले.

पाचव्या दिवशी दूध आले. पण बाळ नीट धरत नव्हते. बोंडांना चिरा पडल्या, पाजताना पायाची बोटे आखडून यायची. तिसऱ्या आठवड्यात एका बाजूला गाठ झाली, ती बाजू लाल झाली, थंडी वाजून ताप भरला. कोणी नजर काढली, कोणी त्या बाजूने पाजणे बंद करायला सांगितले. अखेर गावातल्या आशाताईंनी बाळाला पोटाशी पोट लावून कसे धरायचे, बोंडच नव्हे तर भोवतीचा काळा भाग त्याच्या तोंडात कसा जाईल, हे हात धरून दाखवले. गाठ असली तरी पाजत राहायचे, दूध मोकळे होणे हाच उपायाचा मोठा भाग, हे सांगून त्यांनी मला डॉक्टरांकडे पाठवले. औषध मिळाले, ताप उतरला. पुढे मी लेकराला दीड वर्ष अंगावर पाजले.

यात विशेष काही नाही. कितीतरी बायकांचे असेच होते. मला विशेष वाटले ते हे, की पंधरा वर्षे मराठी साहित्य वाचूनही या अनुभवासाठी माझ्याजवळ शब्द नव्हते. जो होता तो एकच, आणि त्यात चोरीचा आळ होता.

२

मराठीत दुधाची क्रियापदे पाहा. पान्हा फुटतो, पान्हा येतो, पान्हा दाटतो. दूध उतरते, दूध आटते. या सगळ्यांत बाई कर्ता नाही. दूध आपोआप येते नि आपोआप जाते. बाई कर्ता होते ती फक्त एका ठिकाणी, पान्हा चोरताना. म्हणजे दूध आले तर ते वात्सल्य, निसर्ग, देवाची कृपा. नाही आले तर ती तिची करणी. ‘पाजणे’ हे क्रियापद आहे खरे, पण त्यात कष्टाची छटा आपण फारशी ऐकत नाही. मूल छातीशी बरोबर लावणे, रात्री तीनदा उठणे, भरलेली छाती पिळून मोकळी करणे, यांना आपल्या साहित्यिक मराठीत नावे नाहीत. बायकांच्या बोलण्यात ती आहेत, पण ती बोलणी दार लावून होतात.

शरीरशास्त्र जे सांगते ते या क्रियापदांच्या उलट आहे. दूध तयार होणे आणि दूध सुटणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. तयार होणे मुख्यतः मागणीवर चालते. जितके बाहेर निघेल तितके पुन्हा बनते, साचून राहिले की बनणे मंदावते. सुटण्यासाठी ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक लागते. ते बाळाच्या चोखण्याने सुटते, त्याच्या वासाने, नुसत्या रडण्यानेही सुटते; वर्गात मला झाले ते हेच. आणि वेदना, भीती, लाज, ताण यांनी ते अडते. दूध छातीत असते, पण उतरत नाही. ‘दूध आहे का गं?’ असे दहा जणींनी विचारलेल्या बाईला दूध न उतरण्याचे एक कारण तो प्रश्नच असू शकतो. पहिल्या सहा महिन्यांत बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पिते. त्यासाठी आईला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जास्त लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे प्रमाण आहे. हे अन्न आहे, ते अन्नातूनच येते. त्यात चमत्कार नाही आणि चोरीही नाही.

३

आता पुन्हा नामदेवांकडे. त्या तासानंतर काही महिने मला तो अभंग वाचवेना. त्यात आई, गाय, हरिणी, पक्षीण अशा चार माता आहेत आणि चौघींपैकी एकही बोलत नाही. बोलते ते मूल, आणि ते सतत मागते: पाज, चोरू नकोस, पाश तोड, चारा घाल. भुकेचा इतका थेट उच्चार मराठीत क्वचित असेल. पण मी तेव्हा दुसऱ्या बाजूला होते. मागणाऱ्याची कविता देणाऱ्याला कशी वाचावी लागते, हे मला पहिल्यांदा कळत होते.

त्याच्या शेजारी मी जनाबाईचा एक अभंग ठेवला. तिचे अभंग नामदेवांच्या गाथेसोबतच छापले जातात, त्यामुळे शोधावे लागत नाही. त्यातही माता आहेत. दूर गेलेली पक्षीण पिलांसाठी चारा आणते. आकाशात फिरणारी घार पिलांकडे झेपावते. एक आई कामात गुंतलेली आहे, पण तिचे चित्त बाळापाशी आहे. वानरी पिलू पोटाशी बांधून झाडावर हिंडते. शेवटी विठ्ठल आपली अशीच आई आहे, असे जनी म्हणते. दोन्ही अभंगांचा आशय एकच, देव ही माउली. उपमाही सारख्याच घरातल्या. पण जनाबाईच्या अभंगात कोणी मागत नाही, आणि दूधही नाही. प्रत्येक माता एकाच वेळी दोन कामे करते आहे. शरीर एकीकडे, चित्त दुसरीकडे. सर्वांत उघड आहे ती कामात गुंतलेली बाई. नामदेवांनी देवाला आई म्हटले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर छातीशी घेणारी आई होती. जनाबाईने म्हटले तेव्हा कामाला गेलेली. जात्यावर, शेणगोठ्यात, पाण्यावर आयुष्य काढलेल्या दासीला दुसरी कोणती आई दिसणार?

तिच्या दुसऱ्या प्रसिद्ध अभंगातला विठ्ठलही आठवावा, लेकुरवाळा. कोणी खांद्यावर, कोणी कडेवर, कोणी मांडीवर, कोणाचा हात धरलेला, नामदेव करंगळीला. इथेही पाजणे नाही, ओझे वाहणे आहे. आईपण म्हणजे अंगावर किती जण आहेत याचा हिशेब, हे जनाबाईला ठाऊक होते.

इथवर येऊन मी लेख थांबवला असता तर तो सोपा झाला असता. पुरुष संत मागतो, स्त्री संत राबते, एवढाच निष्कर्ष. पण तो निष्कर्ष नामदेवांवर अन्याय करतो, हे मला माझ्या सासूबाईंनी दाखवले.

४

लेकरू अडीच-तीन वर्षांचे असताना एका संध्याकाळी आत्याबाई गोठ्यात धार काढत होत्या. गाय दूध सोडत नव्हती. त्यांनी वासरू सोडले, दोन घोट पिऊ दिले, मग ओढून बाजूला बांधले आणि पुन्हा बसल्या. मी सहज विचारले, “चोरते का ती?” त्या म्हणाल्या, “गाय वासराला कधी चोरत न्हाई बाई. चोरती ती धार काढणाराला.”

थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, त्यांनी पुढचे सांगितले. दुसऱ्या लेकराच्या वेळी महिन्याभरात त्यांना हळदीच्या कामाला जावे लागले. लेकरू बांधावरच्या झोळीत. मुकादम सारखा सुट्टी देईना, पाजायची वेळ टळत गेली, दूध आटले. “मी बी चोरटीच ठरले व्हते,” एवढेच म्हणून त्यांनी चरवी उचलली.

त्या संध्याकाळी मला अभंग उलगडला. ‘पान्हा चोरणे’ ही तक्रार वासराची नाहीच, ती धार काढणाऱ्याची आहे. गाय दूध राखते ते वासरासाठी. परका हात लागला की तिचा पान्हा अडतो. त्याला माणसाने चोरी म्हटले, कारण माणसाला ते दूध हवे होते. मालाच्या खऱ्या मालकाकडे माल राहिला, तर तिला चोर म्हणण्याची ही रीत आहे.

मग नामदेव वासराच्या तोंडी ही तक्रार का घालतात? याचे उत्तर त्या अभंगाच्या रचनेतच आहे, असे मला आता वाटते. प्रत्येक कडवे आधी नाते सांगते आणि मग मागते. तू गाय, मी वासरू; म्हणून चोरू नकोस. हा आरोप नाही, ही ओळख पटवणे आहे. मी धार काढायला आलेला परका नाही, मी तुझे वासरू आहे, मला त्यात मोजू नकोस, असे भक्त म्हणतो. गाय कोणाला दूध सोडते आणि कोणाला नाही, हे गोठा पाहिलेल्या कवीला ठाऊक असल्याशिवाय ही ओळ सुचत नाही. त्यात गाईला दोष नाही. आपण धार काढणाऱ्यांत तर नाही ना, ही भक्ताची धास्ती आहे. नामदेवांनी वाक्प्रचार गोठ्यातून देवापाशी नेला. तो बाळंतिणीच्या खोलीत आणला तो आपण, आणि आणताना वासरू कोण नि धार काढणारा कोण हे विसरलो.

एवढा शारीर अर्थ संतकाव्यावर लादू नये, असा आक्षेप येईल. मला तो मान्य नाही. रूपकाला जिथून बळ मिळते तिथे परत जाऊन पाहण्याचा वाचकाला हक्क आहे. अभंग त्याने लहान झाला नाही. माझ्यासाठी तो मोठाच झाला.

५

धार काढणारा कोण, हा प्रश्न हाती आल्यावर दुधाच्या इतर कथाही वेगळ्या वाचता येतात. सर्वांत मोठी कथा हिरकणीची. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीची संध्याकाळ, बंद झालेले दरवाजे, घरी एकटे तान्हे बाळ, आणि अंधारात कड्यावरून उतरून गेलेली आई. पुढे महाराजांनी तिथे बांधलेला बुरूज तिचे नाव सांगतो. ही दंतकथा आहे, पण मराठी माणसाला इतिहासाइतकीच खरी. २०१९ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला.

आपण ही कथा धाडसाची म्हणून सांगतो. ती मुळात वेळेची आहे. दरवाजा ठरल्या वेळी बंद होतो आणि बाळाची भूक ठरल्या वेळी लागते. दोन घड्याळांमध्ये एक बाई अडकली आहे. दिवसभर ती गडाला दूध पुरवते आणि तिचे स्वतःचे दूध खाली वाडीत वाट पाहणाऱ्या लेकराचे आहे. यातला विरोध कथा स्वतः उच्चारत नाही. कथा संपते ती बुरुजावर आणि सन्मानावर. बाळ प्यायले का, दुसऱ्या दिवशी ती गडावर आली तेव्हा बाळाला कोणाजवळ ठेवले, हे सांगायला कोणी थांबत नाही. महाराजांच्या न्यायबुद्धीबद्दल शंका नाही. पण जिथून बाई उतरली तिथे बुरूज बांधला की वाट बंद होते, दरवाजाची वेळ तशीच राहते.

म्हणूनच एसटीच्या बसस्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोल्यांना ‘हिरकणी कक्ष’ हे नाव मिळाले, ते मला कथेवरचे उत्तम भाष्य वाटते. नांदेडहून परतताना मी अशा एका खोलीत बसून पाजले आहे. साधी खोली, एक बाकडे, आतून कडी. शेजारी ऊसतोडीवरून परतणारी एक पोरगी तिच्या लेकराला घेऊन बसली होती. आम्ही दोघी बोललो नाही, पण तीनशे वर्षांनी कोणीतरी दरवाजाची वेळ बदलली, असे मला त्या दहा मिनिटांत वाटले. मी नोकरी करत होते तिथे अशी खोली नव्हती. मी खेळाचे सामान ठेवायच्या खोलीत, हॉकीच्या काठ्यांमध्ये उभी राहून दूध पिळत असे.

दुसरी कथा धाराऊची. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती नाजूक होती, आणि कापूरहोळची धाराऊ गाडे दूधआई म्हणून आली. सईबाई १६५९ मध्ये वारल्या. त्यांच्यावर कोणी पान्हा चोरल्याचा आळ घेतला नाही, आणि धाराऊचे नावही इतिहासाने जपले. दुधाबाबत मराठी समाज उदार होऊ शकतो याचा हा पुरावा आहे. आईला दूध नसणे ही तिची चूक नाही, हे राजघराण्यापुरते आपल्याला कळले होते.

जिथे राजघराणे नाही तिथे काय होते, ते पाहायला मराठीबाहेर जावे लागले. प्रेमचंदांच्या ‘दूध का दाम’ या कथेत भुंगी ही सफाई करणाऱ्या जातीतली बाई जमीनदाराच्या मुलाला पाजते. तिचे दूध चालते, स्पर्श पुढे चालत नाही, आणि तिचा पोरका मुलगा मंगल त्याच घराच्या उष्ट्यावर वाढतो. महाश्वेतादेवींच्या ‘स्तनदायिनी’तली जशोदा दूध विकून घर चालवते आणि अखेर स्तनाच्या कर्करोगाने एकटी मरते; जिला सगळ्यांनी आई म्हटले तिच्याजवळ कोणी नसते. या दोन कथांत धार काढणारे हात स्पष्ट दिसतात. मराठीत तेवढी स्पष्टता मला सापडली ती बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये. बाळंतिणीच्या पोटात घालायला घरात काही नसणे म्हणजे काय, हे त्यांनी वात्सल्याचा एकही शब्द न वापरता लिहिले. ज्या पोटात अन्न नाही तिथे पान्ह्याच्या उपमा गप्प होतात. दूध हे अन्नातून येते, ही साधी गोष्ट आपल्या साहित्यात येण्यासाठी भुकेल्या बाईने स्वतः लेखणी धरावी लागली.

६

कायद्याने काही गोष्टी उशिरा का होईना ओळखल्या. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी दिली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसे असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झाले. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली. धाराऊचे काम तिथे संस्थेने हाती घेतले. पण हळदीच्या रानात आणि उसाच्या फडात या कायद्यातले फार थोडे पोहोचते. आत्याबाईंच्या मुकादमाला १९६१ चा कायदा माहीत नव्हता. त्यांना स्वतःलाही नव्हता.

आमच्या भागात जात्यावरच्या ओव्यांत एक कल्पना वारंवार ऐकू येते. दळणारी लेक म्हणते, माझ्या मनगटातले बळ आईने पाजलेल्या दुधाचे आहे. पूर्वी मी हे कृतज्ञतेचे वर्णन म्हणून सोडून देत असे. आता त्यात हिशेब दिसतो. आईचे अन्न दूध झाले, दुधाचे बळ झाले, बळाचे पीठ झाले. दूध ही कामाच्या साखळीतली एक कडी आहे, हे जात्यापाशी बसलेल्या बाईने पंडितांच्या आधी ओळखले होते.

तो अभंग मी आजही दरवर्षी शिकवते. आता वाक्प्रचाराचा अर्थ सांगताना आधी वर्गाला विचारते, गाय पान्हा कोणाला चोरते? घरी जनावरे असलेली मुले लगेच उत्तर देतात. मग मी विचारते, अभंगात बोलणारा कोण आहे? वर्ग थोडा वेळ गप्प राहतो. तो वेळ मी त्यांना देते.

आत्याबाईंना मी त्या रात्रीच्या शब्दाबद्दल कधी विचारले नाही. त्यांनीही काढले नाही. माझ्या नणंदेचे बाळंतपण आमच्या घरी झाले तेव्हा मात्र दाराशी आलेल्या पहिल्याच बाईने दुधाचे विचारले आणि आत्याबाईंनी तिला उंबऱ्यातच थांबवले. म्हणाल्या, “आधी तिला जेवली का इचारा.”